नाताळाच्या सजावटीत बाळ कुठे आहे? मॉलचालकांना खुलं पत्र

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या मॉलच्या व्यवस्थापकांना, मोठ्या दुकानांच्या मालकांना आणि त्यांच्यासाठी डिसेंबरची सजावट ठरवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी वसईची. आमच्या चर्चमध्ये मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेते आणि सणासुदीला तुमच्याकडे खरेदीलाही येते. पत्र तक्रारीचं आहे, पण तुमचा धंदा बसावा अशी इच्छा मनात धरून लिहिलेलं नाही. नाताळात नवे कपडे लागतात, गोडधोड होतं, पाहुणे येतात, एकमेकांना काहीबाही दिलं जातं. या सगळ्याला बाजार लागतोच. आमच्याकडच्या कितीतरी बायका डिसेंबरभर कुलकुल, न्योऱ्या, केक करून विकतात आणि त्या पैशांतून मुलांच्या शाळेची फी भरतात. सणात पैसा फिरतो, फिरू दे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं आहे ते तुम्ही मांडता त्या नाताळाबद्दल. त्यात ज्याचा जन्म झाला तो बाळ येशूच नसतो.

नोव्हेंबर संपता संपता तुमच्या मधल्या चौकात तीन मजले उंच झाड उभं राहतं. त्यावर सोनेरी-रुपेरी गोळे, खाली चकचकीत कागदात गुंडाळलेली रिकामी खोकी, बाजूला कापसाचा बर्फ, गाडी ओढणारी रेनडिअर आणि सांताची लाल खुर्ची. खुर्चीसमोर फोटोची रांग. वरच्या मजल्यांवरून सवलतीचे फलक खाली सोडलेले. मी मुद्दाम फिरून बघते, कुठे एखादी गव्हाण, एखादी मरिया, एखादा मेंढपाळ दिसतो का. क्वचित सरकत्या जिन्याच्या मागे एका टेबलावर चिमुकला गोठा सापडतो. बहुतेक ठिकाणी तोही नसतो. गणेशोत्सवात तुम्ही मखर केलंत, तोरणं बांधलीत, दिव्यांच्या माळा सोडल्यात, मोदकांवर सूट दिलीत आणि मूर्तीच बसवली नाहीत, तर पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक तुम्हाला गाठून जाब विचारील. नाताळात कोणी विचारत नाही, कारण तिथे कोणी असायला हवं होतं हेच बहुतेकांना ठाऊक नाही. आणि ते ठाऊक नसण्याला आता तुमची सजावटही कारण झाली आहे.

माझ्या वर्गातली मुलं ख्रिस्ती घरांतली आहेत. तरीही ‘नाताळचं चित्र काढा’ म्हटलं की आधी लाल टोपी येते. एका मुलीने झाड काढलं, सांता काढला, भेटींचा ढीग काढला, आणि कागद भरून गेल्यावर मला विचारलं, “टीचर, येशूला आता कुठे काढू?” मी तिला नवा कागद दिला. पण प्रश्न तिचा एकटीचा नव्हता, आणि तो तिला आमच्या चर्चमध्ये पडला नसता.

मूळ गोष्ट फार लहान आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात ती दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वीस वचनांत संपते. रोमन सम्राट औगुस्ताने नावनोंदणीचा हुकूम काढला, म्हणून नाझरेथचा योसेफ गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमला आला. उतारशाळेत जागा मिळाली नाही. दिवस भरले, मूल जन्मलं, आईने त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. जिथे गुरांपुढे वैरण टाकतात तिथे. ही बातमी सर्वांत आधी कळली ती रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक येतात, सोने, ऊद आणि गंधरस वाहतात, आणि पाठोपाठ हेरोद राजाच्या भीतीने हे कुटुंब मिसर देशात पळून जातं. ज्ञानी लोक तीन होते असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून पुढे माणसंही तीन झाली. बैल आणि गाढवही शुभवर्तमानात नाहीत. ते भक्तांनी नंतर आणून बांधले.

तारीख तर मुळीच नाही. महिना नाही, दिवस नाही. पहिली दोन-अडीच शतकं ख्रिस्ती लोक हा दिवस पाळत असल्याचं दिसत नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन तर वाढदिवस साजरे करणं हे फारो आणि हेरोद यांच्यासारख्या पाप्यांचं काम मानत होता. २५ डिसेंबरची जुनी भक्कम नोंद मिळते ती रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात, आणि ती नोंद ३३६ सालापर्यंत मागे जाते असं अभ्यासक मानतात. हीच तारीख का, यावर दोन मतं आहेत. एक मत असं की हिवाळ्यात दिवस पुन्हा मोठा होऊ लागतो त्या सुमाराला रोममध्ये सूर्याचा उत्सव असे (ऑरेलियन सम्राटाने २७४ साली ‘अजिंक्य सूर्या’चं मोठं मंदिरही बांधलं होतं) आणि चर्चने तोच दिवस घेतला. दुसरं मत असं की २५ मार्च हा येशू मरियेच्या उदरी आला तो दिवस मानला जात होता, त्यात नऊ महिने मिळवले. आर्मेनियन चर्च आजही जन्म ६ जानेवारीला साजरा करतं. रशिया आणि सर्बियातली ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतात, त्यामुळे त्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो.

हे सगळं सांगायचं कारण, ‘तुमचा सणच मुळात उसना आहे, मग आमच्या सांताला का नावं ठेवता’ हे उत्तर मी ऐकलेलं आहे. तारीख उसनी असेलही. तारखेसाठी मी भांडत नाही. कोणत्याही तारखेला साजरा केला तरी तो कोणाचा जन्म, हे सांगावंच लागतं.

सणातल्या खाण्यापिण्याला कंटाळलेले लोकही पूर्वी होऊन गेलेत. इंग्लंडमध्ये प्युरिटन पंथीयांच्या संसदेने १६४७ साली नाताळ रद्दच केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर या दिवसाची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली आली. मी त्या मंडळींच्या बाजूची नाही. दारू आणि दंगा नको म्हणून त्यांनी गाणं, गोडधोड आणि शेजाऱ्याच्या घरी जाणंही बंद केलं, आणि लोकांच्या हातून बाळही गेलं.

मी आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या बाजूची. १२२३ सालच्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगरातल्या गावी त्यांनी खरी गव्हाण मागवली, त्यात खरं गवत भरलं, खरा बैल आणि गाढव आणून उभं केलं आणि तिथे मिस्सा (ख्रिस्ती उपासना) झाली. गावकरी मशाली घेऊन चालत आले. लॅटिन न समजणाऱ्या शेतकऱ्यांना त्या रात्री बेथलेहेम डोळ्यांनी दिसलं. आज घरोघरी, चर्चोचर्ची जो गोठा करतात त्याची परंपरा तिथवर जाते. पैसे न लागणारी, कोणालाही जमणारी आणि बघताक्षणी कळणारी याहून चांगली सजावट मला माहीत नाही.

आमच्याकडे गोठ्याचं काम डिसेंबर लागताच सुरू होतं. पोरं बांबू तोडून आणतात, पेंढ्याचं नाहीतर नारळाच्या झापांचं छप्पर करतात. एक पसरट भांडं घेऊन त्यात माती घालतात आणि नाचणी किंवा गहू पेरतात. दहा-बारा दिवसांत बोटभर हिरवं वर येतं आणि ते गोठ्यासमोरचं शेत होतं. वाळूची पायवाट, आरशाचा तुकडा ठेवून तळं, कुंपणाला काटक्या. दारात कागदाची चांदणी, आत दिवा. एका बाजूला घरातल्या बायका-मुली परातीभोवती बसून कुलकुल वळतात. पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कोऱ्या फणीवर दाबायची आणि सुरळी करत सोडायची, की अंगावर रेघा उमटतात. गोठ्यात मरिया आहे, योसेफ आहे, मेंढपाळ आहेत, गुरं आहेत. मधली गव्हाण मात्र रिकामी असते. ती तशीच ठेवायची. घरातलं शेंडेफळ रोज येऊन विचारतं, बाळ कधी ठेवायचं? २४ च्या रात्री मिस्सेत बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवतात, घंटा वाजतात, आणि घरी आल्यावर घरच्या गोठ्यातही कोणीतरी हलक्या हाताने बाळ ठेवतं. तोवर वाट बघायची. नाताळाच्या आधीच्या चार रविवारांचा जो आगमनकाळ असतो तो याच वाट बघण्याचा. धर्मगुरू जांभळी वस्त्रं घालतात, मिस्सेत गौरवगीत म्हणत नाहीत, लोक पापनिवेदनाला जातात. सण सुरू होतो २४ च्या रात्री, आणि तीन राजांच्या (म्हणजे त्याच पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या) सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत, घराघरांत चालू राहतो. गोव्यात रेइश मागुश, कासावली आणि चांदोर इथे तीन राजांचा सण केवढा मोठा होतो, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. याच दिवसांत गोव्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गोडाधोडाचं ताट झाकून पाठवतात, शेजारी कोणत्या धर्माचा आहे ते न बघता.

तुमच्याकडे हे बरोबर उलटं होतं. आगमनकाळ हा तुमचा भर हंगाम. वाट बघण्याचे दिवस खरेदीत गेले. आणि २६ डिसेंबरला सकाळी मी तुमच्याकडे आले तर शिडी लावून झाडावरचे गोळे उतरवणं सुरू असतं, कारण आता नववर्षाचा सेल लावायचा असतो. ज्या दिवशी आमचा सण ऐन रंगात असतो त्या दिवशी तुमचा संपलेला असतो.

हे आपोआप झालेलं नाही, केलेलं आहे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरातल्या आभार मानण्याच्या सणाचा, दिवस होऊन गेला की नाताळाची खरेदी सुरू करायची, असा दुकानदारांचा रिवाज होता. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले आणि थँक्सगिव्हिंग ३० तारखेला पडत होता. खरेदीचे दिवस कमी पडतात म्हणून मोठ्या दुकानदारांनी गळ घातली, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो सण एक आठवडा अलीकडे ओढला. काही राज्यांनी मानलं, काहींनी मानलं नाही, घराघरांत गोंधळ झाला. शेवटी १९४१ साली तिथल्या संसदेने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार असा कायदा करून टाकला. विक्रीसाठी सणाची तारीख हलवण्याइतकी ताकद बाजाराकडे तेव्हाच आली होती. त्याच १९३९ साली माँटगोमेरी वॉर्ड या अमेरिकन दुकानसाखळीने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला एक पुस्तिका काढली. लाल नाकाचं रेनडिअर रुडॉल्फ त्या पुस्तिकेत जन्माला आलं. तुमच्या चौकात उभं असतं ते हेच. त्याचा बेथलेहेमशी काही संबंध नाही.

आता सांताबद्दल. त्याच्या मागे एक खरा माणूस आहे आणि मला त्याच्याविषयी फार आदर आहे. चौथ्या शतकातले मायराचे बिशप संत निकोलस. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देम्रे गाव. त्यांची जुनी कथा अशी सांगतात की एका गरीब बापाच्या तीन मुली लग्नाच्या होत्या आणि हुंड्याला पैसा नव्हता. मुली वाईट मार्गाला लावल्या जातील अशी वेळ आली होती. निकोलसांनी रात्री अंधारात, कोणाला कळू न देता, खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. एकेका मुलीसाठी एक, अशा तीन रात्री. बापाने शेवटी पाळत ठेवून त्यांना पकडलं, तेव्हा त्यांनी त्याला बजावलं की हे कोणाला सांगू नको. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. हॉलंडमध्ये ते सिंटरक्लास झाले, घोड्यावरून येणारे, डोक्यावर बिशपचा मुकुट घातलेले. डच वसाहतकऱ्यांबरोबर ही आठवण न्यूयॉर्ककडे गेली. १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निनावी छापलेल्या एका कवितेने त्यांना आठ रेनडिअरची गाडी आणि धुराड्यातून उतरण्याची कला दिली. १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्यांना गोल पोट आणि दाढी दिली. १९३१ पासून कोका-कोलासाठी हॅडन संडब्लॉम यांनी काढलेल्या चित्रांनी तो हसरा, गुबगुबीत चेहरा जगभर पक्का केला. थंडीत लोक गार पेय कमी पितात, म्हणून ती जाहिरात होती. लाल झगा कोका-कोलाने दिला असं सर्रास सांगतात ते खरं नाही, लाल झगा त्याआधीही होता. पण बिशपचा मुकुट आणि क्रूस या प्रवासात कुठेतरी गळून पडले, ते परत आले नाहीत.

मला राग सांताचा येत नाही. अंधारात गुपचूप देणाऱ्या माणसाच्या नावाने आता पैसे घेऊन फोटो काढला जातो, याचं वाईट वाटतं. आणि त्या झग्यातल्या पोराचंही. मागच्या एका डिसेंबरात मी तुमच्यापैकी एकाच्या चौकात बराच वेळ उभी होते. सांता झालेला पोरगा विशीतला, हडकुळा. पोटाला उशी बांधलेली, पॉलिएस्टरचा झगा, कापसाची दाढी घामाने हनुवटीला चिकटलेली. मूल मांडीवर, फोटो, पुढचं मूल. रांग क्षणभर तुटली तेव्हा त्याने दाढी वर करून बाटलीतून पाण्याचे दोन घोट घेतले. लगेच कडेला उभ्या असलेल्या माणसाने त्याला खूण केली, दाढी खाली. त्याला बसायला खुर्ची होती ती फक्त मुलांना मांडीवर घेण्यापुरती.

बाळाशिवायचा नाताळ कुठवर जातो हे बघायचं तर जपानकडे बघा. तिथे ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास. १९७४ साली केंटकी फ्राइड चिकनने नाताळला तळलेली कोंबडी खायची अशी देशभर जाहिरात केली, आणि आता लाखो कुटुंबं आधी नाव नोंदवून नाताळच्या संध्याकाळी त्या दुकानांपुढे रांग लावतात. कोणाचं काही बिघडलं नाही, खरं आहे. ज्यांचा तो सण नव्हता त्यांनी त्यातून एक आनंदाची संध्याकाळ काढली. महाराष्ट्राची गोष्ट तशी नाही. इथे तो सण ज्यांचा आहे ते लोक शतकानुशतकं राहतात. वसई १५३४ ला पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी जिंकून घेतली. राज्यं आली-गेली, आमचे लोक इथेच शेती-बागायत करत, मराठीत बोलत राहिले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या साष्टीत राहून मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. येशूच्या जन्माची गोष्ट मराठी ओवीत चारशे वर्षांहून जुनी आहे. इतकी जवळची गोष्ट हाताशी असताना तुम्ही दर वर्षी न्यूयॉर्कच्या दुकानांची नक्कल का मागवता, हे मला खरोखर कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं.

माझ्या वर्गात पूर्वी असलेली एक मुलगी आता मुंबईतल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात विक्रीचं काम करते. २४ डिसेंबरला तिला दुपारची पाळी लागली. दुकान बंद होता होता रात्रीचे साडेदहा, मग हिशेब, मग ट्रायल रूममधल्या कपड्यांचे ढीग घड्या घालून जागेवर लावणं. आमच्याकडे मिस्सा बहुतेक उघड्या मैदानात होते आणि ध्वनिक्षेपकाच्या वेळेमुळे हल्ली पुष्कळ ठिकाणी मध्यरात्रीऐवजी लवकरच सुरू करतात. ती विरार लोकल पकडून वसईला उतरली तेव्हा लोक घरी पोहोचून केक कापत होते. २५ ला सकाळी पुन्हा पाळी, कारण त्या दिवशी गर्दी असते. रजा मागितली तेव्हा सांगितलं गेलं, या दिवसांत कोणालाच रजा नाही. दोन्ही दिवस तिच्या डोक्यावर लाल टोपी होती आणि छातीवर ‘मेरी ख्रिसमस’चा बिल्ला. आत येणाऱ्या प्रत्येकाला तिने हसून नाताळच्या शुभेच्छा दिल्या. नाताळ तिचा, शुभेच्छा तिने वाटल्या, आणि बाळ गव्हाणीत ठेवलं तेव्हा ती शर्टांच्या घड्या घालत होती.

ती एकटी नाही. तुमच्या दुकानांतून, खाद्यगृहांतून, सुरक्षारक्षकांत, साफसफाईच्या कंत्राटी कामगारांत वसईचे, गोव्याचे, कोकणातले, झारखंड-ओडिशाहून आलेले आदिवासी ख्रिस्ती आहेत. मिस्सेतल्या शुभवर्तमानात दर वर्षी मेंढपाळांची गोष्ट वाचतात, रात्री कामावर असलेल्या माणसांची. ते कळप सोडून गेले आणि बाळ बघून परत आले, असं लूक लिहितो. त्यांना तेवढी मोकळीक होती.

तुमच्या अडचणी मला कळतात. गोठा ठेवला तर ‘मॉलमध्ये धर्म का आणता’ असं कोणी म्हणेल. काही ठिकाणी नाताळच्या सजावटीलाच विरोध होतो, मोडतोडही होते, आणि काचा तुमच्या फुटतात. ही भीती खोटी नाही. पण तुमच्याकडे गणपती येतात, दिवाळीत लक्ष्मीपूजन होतं, ईदला चंद्रकोरी लागतात, आणि ते मला मनापासून आवडतं. गोठ्यात एक आई, एक बाप, एक बाळ, दोन गुरं आणि काही मेंढपाळ असतात. ते बघून दुखावला जाईल असा गिऱ्हाईक मला तरी आजवर भेटला नाही. एवढं असूनही तुम्हाला धोका वाटत असेल, तर गोठा ठेवू नका, मी समजून घेईन. रजेला मात्र कोणाचाच विरोध नाही.

आमच्या लोकांनाही याच पत्रात एक सांगते, कारण तुमच्यापैकी कोणीतरी ते म्हणणारच. काही चर्चच्या आवारातल्या नाताळ मेळाव्यातही आता प्रायोजकांचा फलक गोठ्यापेक्षा मोठा असतो. ते चूक आहे आणि मी ते आमच्या सभेत बोलते. त्याने तुमची बाजू बरोबर ठरत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट लिहिते.

झाड ठेवा, दिवे ठेवा, सांताही ठेवा. त्याच चौकात, झाडाजवळ, माणसांना दिसेल अशा उंचीवर एक गोठा ठेवा. बांबू-पेंढ्याचा करा, आमच्याकडची पोरं येऊन बांधून देतील, त्यांना तेवढी मजुरी द्या. गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. मुलं विचारतील, बाळ कुठे आहे. त्यांना सांगा, अजून यायचं आहे. २६ तारखेला तो उचलू नका, ६ जानेवारीपर्यंत राहू द्या. तुमच्या नववर्षाच्या सेलला त्याची काही अडचण होणार नाही. सांता झालेल्या माणसाला दर तासाला दाढी काढून बसायला वेळ आणि पंखा द्या.

आणि पाळ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तुम्हाला वर्षाचे सगळे दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली. त्याच कायद्याने त्याच्याखाली येणाऱ्या आस्थापनांतल्या कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या दिल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालकाने आणि कामगारांनी मिळून, वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवायच्या. ती यादी बहुतेक ठिकाणी कार्यालयातच तयार होते आणि फलकावर लागते. या वेळी ती लावण्याआधी तुमच्या ख्रिस्ती कामगारांना विचारा. २५ डिसेंबर त्यांच्यासाठी त्या चारांत धरा, आणि २४ ला त्यांना सकाळची पाळी द्या, म्हणजे संध्याकाळी सहाला ते निघू शकतील. दिवाळीत हेच लोक सहकाऱ्यांच्या पाळ्या सांभाळतात, ईदला सांभाळतात. नाताळाला त्यांच्या पाळ्या सांभाळायला कोणी ना कोणी नक्की पुढे येईल, तुम्ही फक्त विचारायचा अवकाश. कंत्राटी कामगारांबद्दल ‘ते आमचे नाहीत’ असं म्हणू नका. काम तुमच्याच फरशीवर होतं, आणि कंत्राटदार तुमचं ऐकतो.

पुढच्या वर्षाची यादी व्हायला अजून काही आठवडे आहेत. या वर्षीच्या २४ तारखेच्या पाळ्या तर अजून लागायच्याच आहेत.

आपली,
वसईतील एक धर्मशिक्षिका